एअर फ्रायरमधले भरलेले, कुरकुरीत पदार्थ: तुमचे अनुभव लिहा

शेवकांडी
जुन्या वहीत पुडाच्या वडीचं पान सापडलं. शेवटची ओळ ‘मंद आचेवर खमंग तळणे’. एअर फ्रायरला ना आच ना तळण, म्हणून हा धागा. सारण भरून टोपलीत जाणारं काहीही चालेल. तापमान, मिनिटं, कुठे बिघडतं ते लिहा. नुसतं ‘मस्त होतं’ नको.

सुरुवात समोशाने. २५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम तूप किंवा तेल, ओवा, मीठ. मोहन इतकं चोळायचं की मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे. गार पाण्याने घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. भरून झाल्यावर ब्रशने सगळीकडून तेल, विशेषतः कोपरे आणि शिवण. १६० अंशांवर १२ मिनिटं, उलटून पुन्हा तेलाचा हात, मग १८० वर ६-७ मिनिटं. थेट १८० वर टाकला की वरून लाल होतो आणि शिवणीत पीठ कच्चं राहतं.

तुपाळ
लाटताना लावलेलं कोरडं पीठ झटकून टाका, हे राहिलं. कढईत ते तेलात सुटतं, इथे पांढरे डाग होऊन तसंच बसतं. वरून कितीही तेल लावा, जात नाही. त्यापेक्षा पोळपाटाला तेलाचं बोट लावून लाटा.

सातारी_तिखट
बटाटेवडा होतो का?

तुपाळ
नाही.

शेवकांडी
😂 सविस्तर सांगते. तेलात पीठ पडल्या पडल्या बाहेरचा थर धरतो. हवा तेवढी उष्णता तेवढ्या वेगाने देऊ शकत नाही, त्यामुळे पातळ पीठ थर धरायच्या आत जाळीतून खाली गळतं. खाली कागद घातला तर बुडाशी गिच्च भाकरी. तेल कमी हवं असेल तर अप्पेपात्र काढा. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल, झाकण, मंद गॅस. नाहीतर सरळ तळा आणि दोन कमी खा.

सातारी_तिखट
दोन कमी खा म्हणे. वड्याच्या धाग्यावर.

वऱ्हाडी_ठेचा
पुडाच्या वडीचं नाव निघालं म्हणून आलो. पाव किलो सांबार (कोथिंबीर) धुऊन पंचावर पसरा, पंख्याखाली पूर्ण कोरडा होऊ द्या. ओला चिरला की सारण पाणी सोडणार, पाण्याची वाफ होणार आणि आवरण आतून मऊ पडणार. कढईत हे थोडं खपून जातं, यात नाही. सारणात भाजलेली खसखस, तीळ, सुकं खोबरं, हिरवी मिरची, मीठ, चिमूट साखर. पारीला आतून चिंचेचा घट्ट कोळ, गोडा मसाला आणि तेल कालवून लावायचं.

आवरण १ वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, ३ चमचे कडकडीत तेल. नुसत्या बेसनाचं केलं तर हवेने सुकतं आणि घडीवर तडकतं. टोपलीत घडी खाली ठेवा. १७० वर १५ मिनिटं, १० व्या मिनिटाला उलटा. सोबत ताकाची कढी नसेल तर करूच नका, माझं स्पष्ट मत आहे.

कपबशी
जेवणाच्या सुट्टीत वाचतेय, डब्यात दुधी आहे 😭

पार्सल_नको
मटार करंजी. मटार भरड वाटून फोडणीत परतायचा, कडेने सुटून गोळा होईपर्यंत. मग ओलं खोबरं, आलं-मिरची, कोथिंबीर, लिंबू. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही, गरम सारणाने पारीतलं तूप सुटतं आणि कड धरत नाही. कातण्याने कापलेली पातळ कड आधी करपते आणि दाताला लागते. हाताने मुरड घाला, कड जाड राहते. १६० वर १४ मिनिटं, शेवटची ३ मिनिटं १८०.

कपबशी
आणि गोडाच्या?

पार्सल_नको
होतात, पण वेगळ्या लागतात. तळणीतल्या करंजीचा खुसखुशीतपणा येत नाही, बिस्किटाकडे झुकतात. १५० वर १२ मिनिटं, वरून दूध-तुपाचा हात म्हणजे रंग येतो. सारण कडेला लागलं तर साखर बाहेर येऊन टोपलीत जळते आणि धूर होतो. साट्याच्या करंज्यांचे पापुद्रे बरे सुटतात.

न्यूजर्सीची_काकू
इकडच्यांसाठी: १६० सेल्सिअस म्हणजे ३२० फॅरनहाइट, १८० म्हणजे ३५६, तेव्हा ३५५ लावा. फ्रोझन समोसे वितळवू नका गं, बाहेर पाणी सुटून चिकट होतात. पाकिटावर आधी तळलेले लिहिलं असेल तर तेल लावायची गरज नाही, कच्चे असतील तर लावायचंच.

तुपाळ
काकू, घरी करून गोठवायचे तर?

न्यूजर्सीची_काकू
ताटात सुटे ठेवून दगड होऊ द्यायचे, मग पिशवीत. आधीच पिशवीत भरले की एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना टोकं तुटतात. फ्रीझरमधून थेट १६० वर १० मिनिटं, मग १८० वर ८.

रविवारची_कोळंबी
गोव्यातले कोळंबीचे रिसोइस कुणीच कसे आठवले नाहीत? पोर्तुगीज वळणाचे अर्धचंद्र. पारीला मैद्याची उकड: १ कप पाणी-दूध, लोणी, मीठ उकळलं की १ कप मैदा एकदम घालून घोटायचं, मोदकाची उकड मळतो तसं गरम असतानाच मळायचं. आत परतलेली कोळंबी आणि घट्ट व्हाइट सॉस. सॉस फ्रिजमध्ये गोठल्यासारखा झाला की मगच भरा, नाहीतर वाहतो. वरून फेटलेलं अंडं आणि ब्रेडचा चुरा.

या चुऱ्यातच गोम आहे. कोरडा चुरा हवेत रंगच धरत नाही, पांढरा भुसा राहतो. १ वाटी चुऱ्याला १ मोठा चमचा तेल चोळून तव्यावर बदामी करून घ्या, मग त्यात घोळवा. १९० वर ९-१० मिनिटं. कटलेट, पॅटिस, सगळ्याला हाच नियम.

उपासाचीभगर
उपासाच्या पॅटिसलाही. ब्रेडऐवजी वरीचं भरड पीठ तेल लावून. बटाटा उकडून किसून फ्रिजमध्ये ठेवा, मग दर ४ बटाट्यांना २ मोठे चमचे शिंगाडा पीठ. बटाटा कुकरमध्ये पाण्यात बुडवून उकडू नका, वाफेवरच. आत खोबरं, दाण्याचं कूट, मिरची, बेदाणे. २०० वर १२ मिनिटं.

वऱ्हाडी_ठेचा
बेदाणे नको ना ताई.

उपासाचीभगर
बेदाणे पाहिजेतच.

सातारी_तिखट
भरली मिरची लिहितो मग. जाड, कमी तिखट मिरची, एक उभी चीर, बिया काढून. भाजलेलं बेसन, दाण्याचं कूट, तीळ, धणे-जिरे पूड, लिंबू, आणि सारण ओलसर होईल इतकं तेल. कोरडं भरलं तर चिरेतून भुकटी उडते, पंखा वरच असतो. मिरचीला बाहेरून तेल, १८० वर ८ मिनिटं, हलवायचं नाही.

तुपाळ
उडण्यावरून: रिकामं यंत्र तापवताना आत कागद ठेवू नका. वजन नसलेला कागद पंख्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतो आणि पेटतो. स्प्रिंग रोलच्या पट्टीचं टोकही उघडतं, मैद्याची खळ घट्ट करून चिकटवा, शिवण खाली.

कपबशी
तेलाचा स्प्रे कुठला घेऊ?

तुपाळ
डब्यातला तयार स्प्रे नको. त्यात बऱ्याचदा लेसिथिन असतं, त्याचा चिकट पिवळा थर नॉनस्टिकवर बसतो आणि मग घासून लेप जातो. सिलिकॉनचा ब्रश आणि वाटीत तेल.

शेवकांडी
पाहुणे असतील तर: ४ लिटरच्या टोपलीत ६-७ समोसे, मध्ये बोटभर जागा. एकावर एक रचले की हवा फिरत नाही, चिकटलेली बाजू पांढरी. सगळे घाणे करून ठेवा, वाढायच्या आधी एकत्र १८० वर ३ मिनिटं. तेव्हा दाटी चालते, आतून शिजलेलेच असतात. झाकून ठेवू नका, घाम येतो.

पार्सल_नको
१५०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतं. ६ अँपिअरच्या बारीक प्लगला किंवा एक्स्टेन्शनला लावू नका, गीझरसारखा जाड पिनांचा सॉकेट वापरा.

कपबशी
स्वयंपाकघरात तो एकच आहे आणि त्यावर मिक्सर 🙄

पार्सल_नको
मिक्सरला बारीक प्लग पुरतो. जागा बदला.

वऱ्हाडी_ठेचा
बाकरवडी कोणी केली का? १५० वर २० मिनिटं करतो, कड कुरकुरीत होते पण मधला वेटोळा मऊ राहतो. गुंडाळी बारीक करू की अजून वेळ देऊ?

तुपाळ
बारीक गुंडाळी, अंगठ्याएवढी, आणि काप अर्धा इंचच. झाल्यावर यंत्र बंद करून आतच १० मिनिटं राहू दे, ड्रॉवर किंचित उघडा.

सातारी_तिखट
कढीची कृती टाका कुणीतरी, वडीवाले दादा गप्प बसलेत.