शब्द हवा आहे : ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’, ‘लायकेबल’ आणि ‘सोशल इश्यूज’

रानजाई

अमेरिकेतल्या मतदारांच्या गप्पांचा एक मोठा मजकूर मराठीत आणते आहे. काळ २००८ च्या प्राथमिक निवडणुकांचा, म्हणजे अध्यक्षपदासाठी पक्ष आपापला उमेदवार निवडतात त्या फेरीचा; विषय रिपब्लिकन पक्षाचे इच्छुक माइक हकबी. हे आर्कन्सॉचे माजी गव्हर्नर आणि राजकारणात येण्याआधी सदर्न बॅप्टिस्ट चर्चचे पाळक. बास गिटार वाजवायचे, मधुमेह निघाल्यावर शंभराहून जास्त पौंड वजन उतरवलेलं, विरोधकाशीही हसून बोलायचे. त्यामुळे मतदार बोलायला लागले की गाडी एकाच वळणावर येते : माणूस ‘लायकेबल’ आहे, पण केवढा ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’! आणि मग ‘सोशल इश्यूज’वरची त्यांची धार्मिक मतं निघतात. ती एकाला हवीहवीशी वाटतात, तर दुसऱ्याला त्यांचीच धास्ती वाटते.

माझ्या कच्च्या मसुद्यात अनुक्रमे ‘मनमिळाऊ’, ‘पुराणमतवादी’ आणि ‘सामाजिक प्रश्न’ असे शब्द आहेत. तिन्ही खटकताहेत. विशेषतः हकबींचे समर्थक बोलतात तिथे मराठी वाचताना ते समर्थक वाटतच नाहीत. काय करावं?

कोरा कागद

पुराणमतवादीच ठेवा. वर्तमानपत्रांनी रुळवलेला शब्द आहे, वाचकाला थांबावं लागत नाही. ब्रिटनचा पक्ष असता तर आपल्याकडे ‘हुजूर पक्ष’ हा झकास शब्द आहेच, पण तो त्या पक्षापुरता. ‘मनमिळाऊ’ऐवजी ‘लाघवी’ बघा.

शब्दवेध

रानजाई, समर्थक समर्थक वाटत नाहीत हे तुम्ही म्हणालात, सगळं कोडं तिथेच आहे. ‘पुराणमतवादी’ हा दुसऱ्याने दुसऱ्याला लावायचा शब्द आहे. ‘मी पुराणमतवादी आहे’ असं छातीवर हात ठेवून म्हणणारा माणूस मराठीत सहसा सापडत नाही. म्हणालाच तर ‘थोडा पुराणमतवादी आहे बुवा मी’ असं, काहीशा संकोचाने म्हणेल. अमेरिकेत उलट आहे. तिथे रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक फेरीत ‘मीच खरा कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे सिद्ध करण्याची चढाओढ असते. हकबी तर सभांमधून, मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे पण म्हणून कुणावर चिडलेला नाही, अशा अर्थाचं वाक्य वापरायचे. आता तिथे ‘मी पुराणमतवादी आहे, पण चिडलेला नाही’ असं लिहून पाहा. पहिल्या अर्ध्या वाक्यातच उमेदवार पडला! भाषांतर करणाऱ्याने मत देऊन टाकलं, मतदाराला बोलायला काही उरलं नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, शब्द बोलणाऱ्यावरून ठरवा. विरोधी मतदार बोलत असेल तर ‘पुराणमतवादी’ चपखल आहे, कारण त्याला तो डागच लावायचा आहे. समर्थक किंवा स्वतः उमेदवार बोलत असेल तर ‘परंपरावादी’. आणि निवेदन तटस्थ असेल तिथे ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ असंच राहू द्या. एका इंग्रजी शब्दाला तीन मराठी शब्द दिले म्हणून कुणी दोष देणार नाही. एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी कोंबला तर मात्र सगळे एकाच बाजूचे वाटतील, आणि तेच तुमच्या मसुद्यात झालंय.

‘सनातनी’ मात्र कुठेही नको. आगरकरांच्या काळापासून ‘सुधारक’ या शब्दासमोर तो उभा आहे, त्याला हिंदू धर्मातल्या वादांचा पक्का संदर्भ आहे. बॅप्टिस्ट पाळकाला तो लावला तर वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं.

आता ‘लायकेबल’. ‘लाघवी’ला माझा विरोध आहे. लाघवी माणूस बोलून आपलंसं करतो हे खरं, पण त्या शब्दात किंचित सावधगिरीचा इशारा असतो. आणखी एक पायरी खाली उतरलं की ‘गोडबोल्या’. ‘मनमिळाऊ’ हे कार्यालयातल्या निरोप समारंभाचं विशेषण झालंय. ‘लोकप्रिय’ तर सरळ चूक, कारण ती बेरीज झाली. इथे एकेका मतदाराच्या मनातली गोष्ट चालली आहे. ‘दिलखुलास’ हकबींना शोभेल, पण तो स्वभावाचा एक रंग झाला.

मला वाटतं विशेषण शोधणंच सोडून द्यावं. इंग्रजीला ते लागतं, मराठीला क्रियापद पुरतं, आणि तेही एक नाही, दोन आहेत : आवडणं आणि पटणं. ‘माणूस आवडतो, पण मतं पटत नाहीत.’ तुमच्या मतदारांचा अख्खा वाद या दोन क्रियापदांत मावतो. शिवाय दोन्हींमध्ये ‘मला’ आहे, म्हणजे गुण उमेदवाराच्या अंगाला न चिकटता बोलणाऱ्याकडे राहतो. ज्याला हकबी आवडत नाहीत तोही त्याच क्रियापदात बोलू शकतो.

आणि हा भेद नुसता भाषेचा नाही, मतपेटीतही दिसला होता. ३ जानेवारी २००८ ला आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभांमधून होणाऱ्या निवडीत, हकबी ३४ टक्के मतं घेऊन पहिले आले. तिथल्या रिपब्लिकन सहभागींपैकी साधारण ६० टक्क्यांनी आपण इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणारे ख्रिस्ती) असल्याचं सांगितलं होतं. पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये, जिथे असा मतदार बराच कमी, तिथे ते ११ टक्क्यांवर तिसरे. प्रचाराचा पैसा, पक्षातले प्रतिस्पर्धी जॉन मॅककेन यांची तिथली जुनी घसट, ही कारणं होतीच. पण पाच दिवसांत माणूस काही बदलला नव्हता. तोच हसरा चेहरा, तेच किस्से. आवडणं दोन्हीकडे शक्य होतं, पटणं एकाच ठिकाणी झालं.

मध्यमा

शब्दवेध यांचं आवडणं-पटणं मान्य. मी धर्माच्या शब्दांबद्दल लिहिते, कारण तिथे जास्त घसरायला होतं.

‘धार्मिक’ आणि ‘सोशल कॉन्झर्व्हेटिव्ह’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मजकुरात जपायलाच हवं. जिमी कार्टर बघा : बॅप्टिस्ट, संडे स्कूलमध्ये शिकवणारे, १९७६ च्या प्रचारात आपण ‘बॉर्न अगेन’ असल्याचं उघड सांगणारे. पण चर्च आणि राज्य वेगळं ठेवावं या मताचे. १९७९ मध्ये बॅप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही धार्मिक-राजकीय संघटना स्थापन केली, ती १९८० मध्ये उभी राहिली कार्टर यांच्या विरोधात, घटस्फोटित रेगन यांच्या बाजूने. दुसऱ्या टोकाला बॅरी गोल्डवॉटर. १९६४ चे कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार, पण पुढे याच धार्मिक गटांवर सडकून टीका करणारे. म्हणजे श्रद्धा, कॉन्झर्व्हेटिव्ह राजकारण आणि कायद्यात धर्म आणण्याची इच्छा, हे तीन धागे आहेत. हकबींमध्ये ते एकत्र आले म्हणून ते एकच आहेत असं समजायचं कारण नाही.

मराठीत यातल्या पहिल्या धाग्यासाठी श्रीमंती आहे : भाविक, श्रद्धाळू, धर्मनिष्ठ, पापभीरू. पण ‘पापभीरू’ माणूस स्वतःच्या वागण्याला जपतो, शेजाऱ्यासाठी कायदा मागत नाही. ‘कर्मठ’ तर इथे बसतच नाही, कारण त्यात कर्मकांड आहे, आणि बॅप्टिस्टांकडे कर्मकांडाला फारसा थारा नाही. त्यांचा सगळा भर बायबलवर आणि व्यक्तीच्या श्रद्धेवर. ‘धर्मांध’ हा निकाल आहे, तो फक्त विरोधकाच्या तोंडी द्या, आणि तोही मूळ वाक्यात तेवढी धग असेल तरच.

‘बॉर्न अगेन’साठी कृपा करून ‘पुनर्जन्म झालेला’ लिहू नका. मराठी बायबलमध्ये ‘नव्याने जन्मणं’ असा प्रयोग आहे, तो घ्या. ‘पाळक’ तुम्ही योग्य वापरलात, मराठी प्रॉटेस्टंट घरांत हाच शब्द आहे. ‘पुजारी’ किंवा ‘पाद्री’ लिहिलं असतं तर सूरच बिघडला असता.

राहिला ‘सामाजिक प्रश्न’. आपल्याला हे शब्द ऐकले की जात, हुंडा, शिक्षण, व्यसनमुक्ती आठवते. ‘सामाजिक विचारांचा माणूस’ ही आपल्याकडे स्तुती असते! अमेरिकेतल्या ‘सोशल इश्यूज’मध्ये मुख्यतः गर्भपात, समलिंगी विवाह, शाळांमधली प्रार्थना, उत्क्रांतीचं शिक्षण येतं. दोन्हींचा मेळ नाही. पहिल्यांदा येईल तिथे ‘गर्भपात, लग्न, कुटुंब यांबद्दलची मतं’ असं फोडून लिहा. लांब होईल, होऊ द्या.

रानजाई

दोघांचेही मनापासून आभार. ताबडतोब काही वाक्यं बदलली. एक मतदार बाई म्हणतात त्याचं आता असं झालंय : ‘माणूस मला फार आवडतो हो. पण त्यांच्या हाती कायदा द्यायचा म्हटलं की पोटात गोळा येतो.’ आधी इथे ‘ते मनमिळाऊ असले तरी त्यांचे सामाजिक विचार पुराणमतवादी आहेत’ असं होतं. तेव्हा ती बाई अग्रलेख वाचून दाखवते आहे असं वाटत होतं.

आणखी दोन अडचणी. एक, ‘प्रो-लाइफ’. दोन, या गप्पांत पुढे २०१२ चे रिपब्लिकन इच्छुक रिक सँटोरम येतात. अध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार असलेल्या केनेडींनी १९६० मध्ये ह्यूस्टनला पाळकांपुढे चर्च आणि राज्य यांच्या विभक्ततेवर भाषण केलं होतं. ते वाचून आपल्याला ओकारी यावी असं वाटलं, असं सँटोरम म्हणाले. ‘ओकारी’ फार होतंय का? ‘शिसारी’ करू?

शब्दवेध

ओकारीच ठेवा. शिसारी हा लेखी, सावरलेला शब्द आहे. सँटोरम यांचं बोलणं सावरलेलं नव्हतं म्हणूनच ते गाजलं, आणि ते शब्द वापरायला नको होते असं त्यांनाही नंतर म्हणावं लागलं. मतदारांचा राग त्या शब्दावर होता. तो मऊ केलात तर राग कशाचा हे कळणार नाही. याच ठिकाणी तुमच्या मजकुराला हकबींशी तुलना करता येईल : दोघांची मतं बरीचशी सारखी, पण एक हसत सांगायचा, दुसरा भांडत.

‘प्रो-लाइफ’साठी ‘जीवनवादी’ अजिबात नको. आपल्याकडे तो ‘कलावादी’च्या विरुद्धचा शब्द आहे, वाचक थेट साहित्यातल्या वादात जाऊन पोचेल. समर्थकाच्या तोंडी ‘गर्भाच्या जगण्याच्या हक्काच्या बाजूचे’, विरोधकाच्या तोंडी ‘गर्भपाताच्या हक्काच्या विरोधातले’, निवेदनात ‘गर्भपातविरोधी’.

कोरा कागद

जीवनवादीचं पटलं. पण तटस्थ निवेदनात ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ तसाच ठेवणं मला मान्य नाही. मराठीला शब्द नाही म्हणून हात वर केल्यासारखं ते होतं. ‘परंपरानिष्ठ’ घ्या ना सगळीकडे. त्यात डागही नाही.

आणि एक शंका : हसत सांगितलं म्हणून मत सौम्य होतं का? मे २००७ च्या वादविवादात, उत्क्रांती कोण मानत नाही असं विचारल्यावर हात वर करणाऱ्या तिघांत हकबी होते. १९९२ मध्ये सेनेटची निवडणूक लढवताना, एड्सच्या रुग्णांना इतरांपासून वेगळं ठेवायला हवं असं त्यांनी लेखी उत्तर दिलं होतं. डिसेंबर २००७ मध्ये ते बाहेर आलं तेव्हाही मागे घ्यायला ते तयार झाले नाहीत. जानेवारी २००८ मध्ये मिशिगनला, संविधान देवाच्या मापाप्रमाणे बदलावं, असं म्हणाले. मतदाराला ‘आवडतो’ म्हणायला लावताना हे झाकलं जातंय असं मला वाटतं.

मध्यमा

झाकलं जात नाही. उलट आवडणं आणि पटणं वेगळं ठेवलं म्हणूनच ते उघडं पडतं. ‘मनमिळाऊ परंपरानिष्ठ नेते’ असं एका दमात लिहिलं तर झाकलं जाईल. ‘आवडतो, पण’ या ‘पण’नंतर तुम्ही सांगितलेलं सगळं ठेवायला जागा आहे. एड्सचं वाक्य तर जसंच्या तसं यायला हवं, कुठलंही विशेषण न लावता. ज्या घरात त्या काळात कुणी या आजाराने गेलं होतं, तिथल्या मतदाराला ते वाचून काय वाटलं असेल, ते वाचक स्वतः समजून घेईल.

‘परंपरानिष्ठ’ चांगला शब्द आहे, पण करकपात आणि लहान सरकार यासाठीच रिपब्लिकनांना मत देणाऱ्या माणसाला तो कसा लावणार? त्याची निष्ठा परंपरेवर नसून बाजारावर असते. न्यू हॅम्पशायरमध्ये असे बरेच. तेही स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्हच म्हणवतात, आणि हकबींवर त्यांचा पहिला आक्षेप धर्माचा नव्हताच; गव्हर्नर असताना त्यांनी कर वाढवले हा होता.

कोरा कागद

करांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग निवेदनात ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ चालेल, पण पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात खुलासा हवा. रानजाई, उमेदवार आवडतो का हे जोखायला विचारतात तो बियरचा प्रश्न तुमच्या मजकुरात आहे का? ‘कुणाबरोबर बसून बियर प्यायला आवडेल?’ तिथे लोक काय करतात?

रानजाई

आहे! जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या संदर्भात येतो. मी तो तसाच ठेवला, कारण पुढच्याच ओळीत एक मतदार आठवण करून देतो की बुश यांनी १९८६ मध्ये दारू सोडली होती. ‘गप्पांना बसावंसं वाटेल असा माणूस’ केलं असतं तर ती पुढची ओळ वाया गेली असती.

ओबामांचं हिलरी क्लिंटन यांना उद्देशून म्हटलेलं ‘लायकेबल इनफ’ही आहे, २००८ च्या न्यू हॅम्पशायरमधल्या डेमोक्रॅटिक इच्छुकांच्या वादविवादातलं. ते मात्र अडलंय. ‘पुरेशा आवडण्याजोग्या’ हे मराठी नाही.

शब्दवेध

‘तशा आवडता की तुम्ही, हिलरी.’ हात आखडता घेऊन केलेली स्तुती ‘तशा’मध्ये येते. आणि हे वाक्य बोचलं कुणाला, हेही लिहा. बाईला ‘आवडता का’ विचारायचं आणि पुरुषाला ‘पटतं का’, अशी तक्रार तेव्हा अनेक बायकांनी केली होती. तीन दिवसांनी न्यू हॅम्पशायर हिलरींनीच जिंकलं.

रानजाई

‘तशा’ घेतला. शेवटचा एक : ‘व्हॅल्यूज व्होटर’. ‘मूल्यनिष्ठ मतदार’ लिहिलंय.

मध्यमा

नको. मग बाकीचे मतदार मूल्यहीन ठरतात. शिवाय ‘मूल्यं’ म्हटलं की आपल्याकडे शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो. त्यात प्रामाणिकपणा, श्रमप्रतिष्ठा असतं, गर्भपात नसतो. २००४ मध्ये मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना सर्वांत महत्त्वाचा मुद्दा विचारला, तेव्हा २२ टक्क्यांनी ‘मॉरल व्हॅल्यूज’ निवडलं होतं, आणि त्यात नेमकं काय येतं यावर तिथेही पुष्कळ वाद झाला. ‘धर्माला धरून मत देणारे’ करा. कोण बोलतंय ते पाहून ‘धरून’च्या जागी ‘स्मरून’ही चालेल.