बाबांच्या रिपोर्टमधे पी१६ निगेटिव्ह आलंय, घरातल्या सगळ्यांची जीन टेस्ट करावी का?

कराडचा_पोरगा

नमस्कार मंडळी. बाबा ५८ वर्षांचे, तंबाखू चुना मळून डाव्या गालात धरायची जुनी सवय, मधे बरीच वर्षं मावा पण. गालातली जखम भरेना म्हणून बायोप्सी केली तर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर निघाला. मुंबईत ऑपरेशन झालं, गालाचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. फायनल रिपोर्टमधे लिहिलंय की कॅन्सरची खोली ८ मिमी, कडा क्लिअर, मानेतली एक छोटी गाठ पॉझिटिव्ह पण गाठीचं कवच फुटलेलं नाही, आणि सगळ्यात खाली पी१६ निगेटिव्ह. रात्री नेटवर शोधलं तर जिकडेतिकडे तेच, पी१६ पॉझिटिव्ह असला तर पेशंट चांगला राहतो, निगेटिव्ह असला तर वाईट. तेव्हापासून झोप नाही.

दुसरं म्हणजे एका लॅबचा माणूस सारखा फोन करतोय की घरातल्या सगळ्यांचं जेनेटिक पॅनेल करून घ्या, पैसे बरेच सांगतोय. आजीला पण तोंडाचाच कॅन्सर होता, ती मशेरी लावायची, आत्या अजून लावते. भाऊ २९ चा आहे, गुटखा खातो आणि हल्ली त्याचं तोंड नीट उघडत नाही, तिखट लागलं की जळजळतं. हे आमच्या रक्तातच आहे का? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

पॅथवाली_ताई

दादा, आधी पी१६ चं टेन्शन डोक्यातून काढा. मी पॅथॉलॉजीत आहे, हे रिपोर्ट रोजच बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पी१६ हे आपल्याच पेशीतलं एक प्रोटीन आहे. एचपीव्ही व्हायरस, त्यातही १६ नंबरचा, पेशीत घुसला की त्याचं ई७ नावाचं प्रोटीन पेशीचा आरबी नावाचा ब्रेक निकामी करतं आणि त्यामुळे पी१६ भरमसाट वाढतं, म्हणून पी१६ चा रंग गडद आला की आम्ही समजतो की मागे बहुतेक व्हायरस आहे. पण हे सगळं घशातल्या कॅन्सरसाठी, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. तिथे व्हायरसवाला कॅन्सर रेडिएशनला छान दाद देतो, पेशंट जास्त जगतात, म्हणून तर स्टेजिंगच्या पुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत त्याला वेगळं कोष्टक दिलं. बाबांचा कॅन्सर गालाचा आहे, तंबाखू-सुपारीचा. तिथे पी१६ ने स्टेज बदलत नाही, ट्रीटमेंट पण बदलत नाही, आणि गालात तो निगेटिव्ह येणं हेच नेहमीचं आहे. तुम्ही जे वाचलंत ते खरं आहे पण दुसऱ्याच आजाराबद्दल आहे.

तुमच्या कागदावरच्या महत्त्वाच्या ओळी त्याच्या वर आहेत. खोली ८ मिमी म्हणजे ५ ते १० च्या गटात. कडा क्लिअर ही चांगली गोष्ट. गाठीचं कवच फुटलेलं नाही ही तर फारच चांगली गोष्ट, कारण ते फुटलं असतं किंवा कडेला रोग राहिला असता तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध पण द्यावं लागतं. एक गाठ पॉझिटिव्ह आहे म्हणून बहुतेक रेडिएशन सांगतील, ते टाळू नका आणि लांबवू पण नका, ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत सुरू झालेलं बरं. मानेच्या गाठी आधीच काढल्या तेही उत्तम, तेव्हा मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमधे असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमचा २०१५ चा मोठा अभ्यास आहे, सुरुवातीच्या स्टेजच्या तोंडाच्या कॅन्सरमधे गाठी पहिल्याच ऑपरेशनला काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते आणि नंतर उगवल्या की काढू असं केलं तिथे ६७.५ टक्के.

एडिसनकर

ताईंनी लिहिलंय त्याला दुजोरा. माझा मावसभाऊ इकडे न्यू जर्सीत आहे, आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, त्याला टॉन्सिलचा निघाला, पी१६ पॉझिटिव्ह. अमेरिकेत घशाच्या कॅन्सरमधे आता बहुतेक केसेस व्हायरसच्या आहेत त्यामुळे इंग्रजीत शोधलं की सगळी माहिती त्याचीच येते, आपल्याकडचा पेशंट मात्र मुख्यतः गाल, हिरडी, जीभ. दोन्हीला हेड अँड नेक कॅन्सरच म्हणतात म्हणून घोळ होतो. आणि व्हायरसवाला सौम्य म्हणून सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध देऊन बघितलं होतं, दोन मोठ्या ट्रायल झाल्या, त्यात उलट पेशंट कमी जगले. म्हणजे पी१६ सारखा मार्कर चांगला आला म्हणून ट्रीटमेंट हलकी करा असं इकडेही कुणी आपल्या मनाने करत नाही.

जीनवाला_पुणे

मी कॅन्सर जीनॉमिक्समधे काम करतो, पॅनेलबद्दल कळकळीने सांगतो, घरच्यांचं करू नका.

गाल-हिरडीच्या कॅन्सरचा जीन नकाशा आपल्याच लोकांनी काढलाय, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटाचंच संशोधन केंद्र) आणि बंगालमधल्या कल्याणीची जीनॉमिक्स संस्था यांनी मिळून, २०१३ ला छापून आला. टीपी५३, कॅस्प८, फॅट१, नॉच१, एचरास असे जीन त्यात पुन्हा पुन्हा बिघडलेले दिसतात. पण हा बिघाड फक्त कॅन्सरच्या पेशींमधे आहे, तंबाखू आणि सुपारी वर्षानुवर्षं त्याच जागी राहिल्याने झालेला. तो बाबांनी तुम्हाला दिलेला नाही. तुमचं रक्त तपासून त्यातलं काहीही कळणार नाही. फँकोनी अ‍ॅनिमियासारखे खरे आनुवंशिक आजार आहेत ज्यात तोंडाचा कॅन्सर अगदी तरुणपणी होतो, पण ते फार विरळ, आणि तुम्ही सांगताय तसं चित्र त्यात नसतं. जवळच्या नात्यात कॅन्सर असेल तर धोका थोडा वाढतो हे खरंय, पण तुमच्याकडे आजी मशेरी, बाबा तंबाखू, भाऊ गुटखा, तर रक्ताच्या आधी तेच बघायला हवं ना.

मार्करचा उपयोग कधी होतो तेही सांगतो. देव न करो, पण रोग परत आला किंवा पसरला तर पीडी-एल१ नावाचं प्रोटीन तपासतात, त्याचा सीपीएस नावाचा स्कोअर असतो, त्यावरून पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) कितपत लागू पडेल याचा अंदाज येतो. ती प्रचंड महाग. म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब हे त्याच प्रकारचं औषध अगदी कमी डोसमधे, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिग्रॅ, तोंडाने घ्यायच्या कॅन्सरच्या गोळ्यांबरोबर देऊन पाहिलं, तर वर्षभरानंतर ४३.४ टक्के पेशंट हयात होते आणि नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण आपल्या पेशंटच्या खिशाचा विचार करून केलेलं आहे. बाबांना सध्या यातलं काही लागत नाही.

पॅथवाली_ताई

अजून एक, आणि हे सगळ्यात अर्जंट आहे. भावाला याच आठवड्यात दाखवा. तोंड कमी उघडणं आणि तिखटाने जळजळ म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिस असण्याची दाट शक्यता, सुपारीमुळे गालाच्या आत तंतू साठून गाल कडक होतो. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघायला सांगा. आणि तंबाखू सोडून नुसती सुपारी किंवा पानमसाला खाणारे पण सुटत नाहीत, सुपारी एकटीच कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मधेच जाहीर केलंय. कडक झालेला गाल पूर्ववत होणं अवघड असतं, पण सुपारी थांबली तर वाढायचं थांबू शकतं, आणि नियमित बघत राहिलं तर कॅन्सर झालाच तरी लवकर सापडतो. पॅनेलच्या पैशात त्याच्या कितीतरी तपासण्या होतील. केरळात तिरुवनंतपुरमला आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी नुसती तोंडं तपासली होती, २००५ च्या अहवालात तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

कराडचा_पोरगा

ताई, दादा, खरंच खूप आधार वाटला. बाबांना रिपोर्टचं नीट सांगितलं, आज जेवले थोडं. रेडिएशनची तारीख पण मिळाली. लॅबवाल्याला नाही म्हणून कळवलं. भाऊ यायला तयार झालाय पण गुटखा सुटत नाही म्हणतो, चिडचिड होते, हात थरथरतात. त्याला काय करायचं? आणि आत्या म्हणते मशेरी दाताला लावते, खात नाही, मग काय होतंय.

पॅथवाली_ताई

भावासाठी सरकारची तंबाखू सोडायची हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे आणि मराठीत पण बोलतात. चिडचिड, थरथर निकोटीनची आहे, पहिले काही दिवस जोरात असते मग उतरते, निकोटीनचा च्युइंगगम वगैरे डॉक्टरांना विचारूनच द्या कारण तोंड उघडत नसेल तर गम चावणं जमणार नाही, पॅच बरा पडेल. आत्यांना सांगा मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरडीतून थेट आत जाते. भावाबरोबर त्यांचंही तोंड त्याच दिवशी तपासून घ्या, खोटे दात असतील तर काढून आतली हिरडी पण दाखवा.