दिवाळीच्या ग्राहक पेठेतला स्टॉल : भाडे किती आणि कागद कोणते?

गिरगावची सुगरण

नमस्कार. मी आणि माझी जाऊ गेली चार वर्षे गिरगावातल्या राहत्या घरी दिवाळीचा फराळ, मेतकूट आणि गोडा मसाला करून ओळखीच्या लोकांना देतो. यंदा प्रथमच दादरला सभागृहात भरणाऱ्या तीन दिवसांच्या ग्राहक पेठेत स्टॉल घ्यावा, असा विचार आहे. आयोजकांनी एका टेबलाचे भाडे ९,००० रुपये अधिक जीएसटी आणि अनामत ३,००० रुपये सांगितली असून अर्जासोबत फूड लायसन्सची प्रत मागितली आहे. उपनगरातल्या एका मैदानावर पाच दिवसांचा मेळा आहे. तिथे भाडे याच्या निम्मे आहे आणि कागद एकही मागितलेला नाही. स्वस्त ते घ्यावे असे जावेचे म्हणणे आहे, मला मात्र कागदच न मागणारा आयोजक जरा खटकतो. आमच्याकडे जीएसटी क्रमांक नाही. नेमके कोणते परवाने लागतील आणि हे भाडे वाजवी आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

माहीमची मसालेवाली

ताई, तुम्हाला जे खटकले ते बरोबरच खटकले. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी मैदानावरही लागते आणि सभागृहातही लागते. आयोजकाने मागितली नाही म्हणून तुमची जबाबदारी टळत नाही. वार्षिक उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असल्यास पूर्ण परवाना नव्हे, तर साधी नोंदणी पुरते. ती ऑनलाइन होते आणि मी केली तेव्हा शुल्क वर्षाला १०० रुपये होते. नोंदणी घरच्या स्वयंपाकघराच्या पत्त्यावर करावी, कारण पदार्थ तिथे तयार होतो. मिळालेला चौदा आकडी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. त्याशिवाय घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, सर्व करांसह कमाल किंमत, तुमचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि चौकटीतला हिरवा ठिपका, एवढे तरी लेबलावर हवेच. आधीच भरलेली पाकिटे विकणाऱ्यांना वैधमापन (वजने-मापे तपासणाऱ्या) खात्याकडेही पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. स्टॉलवर सुटे वजन करून देणार असाल तर इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याच खात्याने तपासल्याची त्या वर्षाची मोहोर असली पाहिजे.

आता भाड्याविषयी. नऊ हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला की १०,६२० रुपये होतात. त्यात टॅक्सी, मदतनीस, पिशव्या आणि जेवणखाण मिळवून खर्च पंधरा हजारांवर जाईल, असे धरून चाला. पाव किलो चकलीचे पाकीट १३० रुपयांना विकले आणि त्यामागे ४५ रुपये सुटले, तर हा खर्च निघायलाच ३३४ पाकिटे खपली पाहिजेत, म्हणजे ८३ किलोंहून जास्त चकली झाली. प्रश्न इतके गिऱ्हाईक येईल का हा नाही, दिवाळीत ते येते. दोन शेगड्यांवर दोघी जावा ऑर्डरींचा फराळ सांभाळून एवढ्या चकल्या तळणार कधी, हा आहे. म्हणून स्टॉलवर मुख्य माल मेतकूट आणि गोडा मसाला ठेवा, कारण तो आधी करून ठेवता येतो. चकली-चिवडा चवीला ठेवून त्याच्या ऑर्डरी नोंदवून घ्या. मीही पहिल्या वर्षी करंज्यांच्या मागे लागले होते; तिसऱ्या दिवशी टेबल रिकामे आणि हात भाजलेले, अशी अवस्था झाली.

हिशेबनीस, विलेपार्ले

जीएसटीपुरते लिहितो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे तुम्हाला क्रमांकाची गरज नाही. मात्र क्रमांक नसल्यामुळे भाड्यावर भरलेले १,६२० रुपये तुम्हाला दुसऱ्या कुठल्या करातून वळते करून घेता येणार नाहीत. ते भाड्यातच धरावेत, जसे वर धरले आहेत. स्टॉलवर थालीपीठ लावून गरम वाढायचे ठरवले तर ती सेवा ठरते आणि मर्यादा २० लाखांवर येते.

परराज्यातून काजू किंवा साड्या घेऊन येणाऱ्यांचे प्रकरण वेगळे आहे. त्यांना सहसा ‘नैमित्तिक करदाता’ (तात्पुरता धंदा करणारा) म्हणून किमान पाच दिवस आधी अर्ज करून अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो आणि ती नोंदणी जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. मुदतवाढ मात्र मागता येते. ठरावीक हस्तकलांच्या विक्रेत्यांना यात सवलत आहे. आयोजकाने गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी) मागितला तर घाबरू नये, कारण २०१७ च्या कायद्यानुसार थोडेच कामगार असलेल्यांना केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांपासून दूर राहावे.

वांद्र्याचा जुना विक्रेता

मैदानाला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. माउंट मेरीच्या जत्रेत मी अनेक वर्षे उघड्यावरच धंदा केला आहे. फरक एवढाच की रस्त्यावरची जागा पालिकेच्या विभाग कार्यालयाकडून मिळते आणि तिची पावती हातात असते. खासगी मेळ्यात आयोजकाला मैदानाची परवानगी आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला मिळाला आहे का, हे तुम्ही स्वतः विचारावे आणि प्रत पाहावी. मी एकदा न विचारता पैसे भरले. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडप बंद करायला लावला गेला आणि भाडे काही परत मिळाले नाही. दिवाळीच्या सुमारास परतीचा पाऊसही असतो. पाऊस पडून दिवस बुडाला तर काय, हे पावतीवर लिहून घ्या. फराळाचे एकूण किती स्टॉल देणार आहेत, तेही विचारा. ओळीत सहा जणी चकली घेऊन बसल्या तर निम्मे भाडेसुद्धा महाग पडते. माल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत देऊ नका. राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि पहिलाच दंड ५,००० रुपयांचा आहे.

एक आणखी मार्ग आहे. तुमच्या भागातल्या बायकांचा बचत गट असेल तर गटामार्फत शासकीय प्रदर्शनांची चौकशी करा.

गिरगावची सुगरण

सर्वांचे आभार. ८३ किलोंचा आकडा आणि बंद पडलेल्या मंडपाचा अनुभव जावेला वाचून दाखवला, तेव्हा तिने मैदानाचा विषय स्वतःच सोडला. ठाकूरद्वारच्या एक काकू कोकम आणि आगळ विकतात. त्यांच्यासोबत दादरचे टेबल निम्मे-निम्मे घ्यावे, असे ठरते आहे. त्यांची अन्न नोंदणी आहे. त्यांच्याच क्रमांकावर आमचा मसाला ठेवला तर चालेल का?

माहीमची मसालेवाली

नाही, ताई. क्रमांक ज्याच्या स्वयंपाकघराचा, त्याच्याच मालावर चालतो. टेबल एक असले तरी नोंदण्या दोन आणि लेबले वेगळी हवीत. आणि निम्म्या जागेची मुभा आयोजकांकडून आधी लेखी घ्या, कारण काही ठिकाणी पोटभाडेकरू ठेवला म्हणून अनामत जप्त करतात.