मदत हवी आहे: कारखान्यातून १०८ लावला तर नंबर पुण्याचा दिसतो

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क मी बघतो. तीन शेड, साठेक आयपी फोन (नेटवर्कवर चालणारे), पण ॲस्टरिस्कचा (फोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर आणि सिप ट्रंक (बाहेरचे कॉल नेणारी डिजिटल लाइन) पुण्याच्या ऑफिसात, म्हणून कॉल पुण्याच्या नंबरावरून जातो. गेल्या आठवड्यात लूमवरच्या एका मावशींना चक्कर आली. सुपरवायझरने टेबलावरच्या फोनवरून १०८ (ॲम्ब्युलन्स) लावला, तर पलीकडून विचारलं, "पुण्यात कुठे?" घाबरून त्याला शेडचा नंबरही धड सांगता येईना. मावशी आता बऱ्या आहेत, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

अमेरिकेत २०२० पासून ऑफिस-हॉटेलांतल्या नव्या फोन यंत्रणांना करीज लॉ (Kari's Law) हा कायदा लागू आहे: बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ न दाबता थेट ९११ (तिथला आपत्कालीन नंबर) लागला पाहिजे आणि त्याच वेळी इमारतीतल्या किंवा बाहेरच्या नेमलेल्या माणसाला सूचना गेली पाहिजे. एवढं तरी आपण आपणहून करावं.

माझा विचार असा: सोलापुरातच गेटवेला (आयपी फोन साध्या लाइनला जोडणारं यंत्र) एक लोकल लाइन जोडून १०८ आणि ११२ तिथूनच बाहेर काढायचे, आणि स्विचच्या पोर्टवरून शेड ओळखून गेटवरच्या वॉचमनला अलर्ट द्यायचा. एलएलडीपी-मेड (फोन आणि स्विच एकमेकांना आपली ओळख आणि जागा कळवतात ती पद्धत) वापरून हे कुणी केलंय का? फोन उचलून दुसऱ्या शेडमध्ये लावला तर जागेची नोंद आपोआप बदलते का? आणि वायफायवरच्या मोबाइल ॲपवरून कॉल केला तर जागा कशी ओळखता?