शब्दचर्चा : हूव्हरव्हिल

खारूताई
अमेरिकेतल्या महामंदीवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 'हूव्हरव्हिल' हा शब्द पावलोपावली येतो. 'झोपडपट्टी' लिहून पाहिलं, पण त्यात शब्दाचा तिखटपणा जातो. 'हूव्हरनगर' केलं तर चालेल का?

मोडीवाचक
'नगर' नको. पुढाऱ्याच्या नावापुढे आपण 'नगर' लावतो ते मान म्हणून. इथे नावात टोमणा आहे. हर्बर्ट हूव्हर १९२९ ते १९३३ राष्ट्राध्यक्ष होते. शेअरबाजार कोसळला तेव्हा त्यांना गादीवर बसून आठ महिनेही झाले नव्हते. मग नोकऱ्या गेल्या, भाडं थकलं, आणि लोकांनी फळ्या, पत्रे, खोकी गोळा करून शहरांच्या कडेला जे उभं केलं, त्याला हे नाव पडलं. 'पडलं' म्हणतोय खरं, पण ते पाडलेलं आहे. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रसिद्धीप्रमुख चार्ल्स मिकेल्सन यांना त्याचं श्रेय देतात.

एकदा नाव चालल्यावर लोकांनी पुढचं काम स्वतःच केलं. थंडीत अंगावर घेतलेली वर्तमानपत्रं म्हणजे 'हूव्हर ब्लँकेट'. उलटा करून बाहेर काढलेला रिकामा खिसा म्हणजे 'हूव्हर फ्लॅग'. पेट्रोल परवडेना म्हणून घोडं जुंपलेली मोटार म्हणजे 'हूव्हर वॅगन'. मला खिसा सगळ्यात आवडतो.

उंबरठा
'झोपडपट्टी'ला माझाही विरोध, पण वेगळ्या कारणानं. त्या शब्दानं डोळ्यांपुढे बायकापोरांसकट संसार येतात. सिएटलच्या हूव्हरव्हिलमध्ये १९३४ साली मोजणी झाली. ६३९ माणसं, त्यात बायका फक्त ७. बाकी लाकूडतोडे, खाणकामगार, कोळी, बहुतेक एकटे. शहरानं त्यांच्या झोपड्या दोनदा जाळल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी त्या पुन्हा बांधल्या. शेवटी पालिकेनं अटी घालून राहू दिलं. त्यांचा स्वतःचा बिनसरकारी 'महापौर'सुद्धा होता.

न्यूयॉर्कमध्ये तर सेंट्रल पार्कात, रिकाम्या केलेल्या जुन्या जलाशयाच्या तळाशी वस्ती होती. बेकार गवंड्यांनी तिथे चक्क विटांचं घर बांधलं. १९३३ मध्ये ती वस्ती हटवली. आज तिथे 'ग्रेट लॉन' आहे.

खारूताई
हूव्हर इतके निर्दय होते का? लेखात त्यांची बाजू एका ओळीत उरकलीय.

मोडीवाचक
गंमत तीच आहे. पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी लोकांना अन्न पोचवणारे ते हेच. १९१७ मध्ये ते अन्नखात्याचे प्रमुख झाले आणि 'हूव्हराइझ करणं' असं क्रियापदच निघालं. अर्थ : ताटात काही न टाकता जपून खाणं. म्हणजे तेव्हा हे नाव लोक कौतुकानं घेत. मंदीत मात्र त्यांनी बँका आणि रेल्वे कंपन्यांना कर्जं देणारं महामंडळ उभं केलं, पण बेकारांच्या हाती केंद्रानं थेट पैसे द्यायला ते तयार नव्हते. ते काम राज्यांचं आणि धर्मादाय संस्थांचं, असं त्यांचं ठाम मत. लोकांनी बँकांची कर्जं पाहिली आणि आपला खिसा उलटा केला.

उंबरठा
तरी सगळं त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. सिएटलची वस्ती १९४१ पर्यंत टिकली. म्हणजे तिच्या आयुष्यातली बहुतेक वर्षं हूव्हरनंतर आलेल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची. 'रूझवेल्टव्हिल' कुणी म्हटलं नाही.

मोडीवाचक
मुद्दा मान्य. धरणाचं पाहा. कोलोरॅडो नदीवरच्या धरणाला १९३० मध्ये हूव्हरचं नाव दिलं, १९३३ मध्ये रूझवेल्टच्या मंत्र्यानं ते 'बोल्डर' केलं आणि १९४७ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, हूव्हरचं नाव परत दिलं. धरणावरचं नाव ठरावानं बदलता येतं. झोपड्यांचं नाव कुणी ठरावानं दिलंच नव्हतं, मग काढणार कोण?

खारूताई, माझं मत : मूळ शब्द तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या नावानं खडे फोडत वसलेली बेघरांची वस्ती' एवढं लिहा. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचं अंतर. इथे दोन्ही एकाच शब्दात झालीत.

खारूताई
'खडे फोडत' घेतलं. आता एक बावळट प्रश्न. व्हॅक्यूम क्लीनरवाले हूव्हर हेच का?

उंबरठा
नाही. ते विल्यम हूव्हर, ओहायोतले चामड्याच्या सामानाचे कारखानदार. त्या बिचाऱ्यांचा यात काही हात नाही.