पाती फिरतात, पण एलईडी पेटत नाही

मुलांच्या प्रकल्पातल्या छोट्या पवनचक्कीची पाती फॅनसमोर झकास फिरतात, तरी वीज करायला तिला जोडलेल्या मोटरवरचा एलईडी (इवलासा दिवा) ढिम्म, अशी तुमची तक्रार आहे. पात्यांना बोल लावू नका, घोडं मोटरपाशी अडलंय. खेळण्यातली ३ व्होल्टची मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते तेव्हा कुठे तिच्यातून तेवढा विद्युतदाब मिळतो. तुमची पाती घेणार फार तर तीन-चारशे. लाल एलईडीलाच साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास. तेव्हा जुन्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) काढा, ती कमी फेऱ्यांतही पुरेसा दाब देते. तिच्या एका कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची) दोन टोकं एकमेकांना जोडून दांडा बोटांनी फिरवा, वीज तयार होत असल्याने लगेच जड लागतो. मुलांना इथेच खरी गंमत कळते. ही मोटर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज देते, म्हणून ती एकाच दिशेची करायला चार डायोडचा (वीज एकाच बाजूला जाऊ देणारे भाग) ब्रिज, म्हणजे जोडणी लावा. साध्या डायोडच्या अशा ब्रिजमध्ये साधारण १.४ व्होल्ट जातात, ते धरून चाला.

पाती पीव्हीसी पाइप उभा चिरून करा, बाक आयता मिळतो. आमच्या लेकीच्या प्रकल्पात एक पातं किंचित जड निघालं आणि सगळा डोलारा थडथडायला लागला. शेवटी हलक्या पात्यांना चिकटपट्टीचे तुकडे लावून भागवलं.

आणि हो, फॅन जवळ आणा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते.