उमेदवाराच्या गळ्यातली माळ बघायची की त्याचं काम?

पैलतीर (धागाकर्ता)
विधानसभा असो की पंचायत, वारकरी घरांत हा वाद हमखास होतो. एक उमेदवार माळकरी, निर्व्यसनी, एकादशी न चुकवणारा, पण पाच वर्षांत काम नावाला नाही. दुसऱ्याच्या दारूची आणि ‘दुसऱ्या घरा’ची कुजबुज सगळीकडे, पण पाण्याची योजना मार्गी लावली ती त्यानेच. मत कुणाला?

माझं उत्तर आधी शील. ‘बोले तैसा चाले’ ही कसोटी तुकोबांनी घालून दिलेली आहे आणि ती फक्त कीर्तनकारापुरती नाही. गीतेचा तिसरा अध्याय सांगतो की श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे बाकीचे वागू लागतात. ‘कामाचा माणूस आहे’ म्हणून आपण एकदा डोळेझाक केली, की असलं खपतं हे पक्षाला कळतं. पुढच्या वेळी तो याहून वाईट माणूस देतो.

दस्तऐवज
शील बघावं हे मान्य, पण ते बघणार कशात? माळ, टिळा, सप्ताहाच्या काल्याची पंगत, दिंडीला दिलेला पाण्याचा टँकर हे सगळं पैशाने उभं करता येतं आणि निवडणुकीच्या वर्षात भरपूर दिसतं. शपथेवर लिहून दिलेलं काही बघायचं असेल तर विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारी अर्जासोबतचा नमुना 26, म्हणजे त्याचं शपथपत्र, काढा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो.

वाचताना पहिल्यांदा गुन्ह्यांचा तक्ता घ्या. नुसती संख्या मोजू नका, कलमं बघा. जुन्या भारतीय दंड संहितेतलं 143 किंवा 188 बहुधा मोर्चा, रास्ता रोको, जमावबंदी मोडणं यातून येतं. शेतकरी चळवळीतल्या माणसावर अशी दहा कलमं असू शकतात आणि त्यात त्याच्या शीलाचं काही जात नाही. 409 आणि 420 म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक. पतसंस्था, साखर कारखाना, बँक यांच्या भानगडी तिथे सापडतात. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतली कलमं लागतात. तिथे फसवणूक 318 मध्ये गेली आहे, त्यामुळे नुसते आकडे जुळवले तर फसाल. त्याच तक्त्यात ‘आरोप निश्चित झाले आहेत का’ असा रकाना असतो. ‘होय’ असेल तर कोर्टाने कागदपत्रं पाहून खटला चालवण्याजोगं काही आहे असं ठरवलेलं असतं. नुसत्या एफआयआरपेक्षा याला वजन जास्त.

मग मालमत्ता. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा. स्वतः, जोडीदार, अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेले यांचं सगळं त्यात येतं, सोनं वजनासकट. खरी फट पुढे आहे. कमावता मुलगा ‘अवलंबून’ नसतो, म्हणून त्याच्या नावावरची जमीन इथे दिसतच नाही. आणि पत्नीच्या नावावर ‘शेती उत्पन्न’ फुगलेलं दिसलं तर गट नंबर घेऊन सातबारा बघा, क्षेत्र किती आणि पीक कोणतं ते कळेल.

रानजाई
‘दुसरं घर’ एवढ्यावर चर्चा संपवू नका. खासगी आयुष्य म्हणून सोडून द्यायच्या गोष्टी वेगळ्या आणि गुन्हे वेगळे. घटस्फोट, दुसरं लग्न, दारू यावर मी मत ठरवणार नाही. बायकोचा छळ (जुनं 498अ, आता 85), बलात्कार (जुनं 376, आता 64) यांत आरोप निश्चित झाले असतील तर मात्र त्याने कितीही पाणी आणलेलं असो, मत नाही. तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईची नोंद घेतली जाते की नाही, यात आमदाराच्या फोनचा हात असतो. तिथे त्याचं ‘खासगी’ वागणं तिच्या वाट्याला येतं. धार्मिक घरांत नेमकं उलटं होताना दिसतं: दारूची चर्चा मोठ्याने, छळाच्या गुन्ह्यावर ‘घरचं भांडण’ म्हणून पडदा.

उंबरझरा
पैलतीर, तुमची कसोटी सगळ्यांना सारखी लागते का, हा माझा प्रश्न आहे. अमेरिकेतलं उदाहरण बघा. 1998 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांचं विवाहबाह्य संबंधांचं प्रकरण गाजत असताना सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने ठराव केला होता की सार्वजनिक पदावरच्या माणसाचं चारित्र्य महत्त्वाचं आहे. पुढे पीआरआरआय या संस्थेने लोकांना विचारलं: खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक कर्तव्यात नीतीने वागू शकतो का? 2011 मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलला काटेकोर मानणाऱ्या प्रोटेस्टंट) ख्रिश्चनांपैकी 30 टक्के ‘हो’ म्हणाले. 2016 मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, 72 टक्के. पाच वर्षांत धर्मग्रंथ तोच राहिला, उमेदवार बदलला. कुठल्याच धर्माशी न जोडलेल्या लोकांचं उत्तर मात्र दोन्ही वेळा जवळपास तेच होतं.

म्हणून माझा आग्रह असा की कसोटी अर्ज भरण्याआधी, उमेदवारांची नावं माहीत नसताना कागदावर लिहून ठेवावी. नाव कळल्यावर लिहिलेली कसोटी आपोआप आपल्या माणसाच्या मापाची होते.

पैलतीर
72 टक्क्यांचं उदाहरण खरं आहे आणि ते टोचतं. पण त्यातून मला दिसतं ते एवढंच की त्या लोकांनी कसोटी सोडली. कसोटी चुकीची होती हे त्यातून सिद्ध होत नाही.

भोजपत्र
शील एकच असतं असं धरून चाललात की अडचण होते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात अमात्यांच्या चार परीक्षा सांगितल्या आहेत: धर्म, अर्थ, काम आणि भय. जो ज्या मोहाला बळी पडला नाही त्याला त्या मोहाच्या जागी नेमायचं. धर्माच्या परीक्षेत उतरलेला न्यायदानाला, अर्थाच्या परीक्षेत उतरलेला कोषाकडे, कामाच्या परीक्षेत उतरलेला राजाच्या विहारस्थळांच्या (विलासाच्या जागांच्या) रक्षणाला, भयाच्या परीक्षेत उतरलेला राजाच्या निकटच्या कामाला. चारही परीक्षांत शुद्ध ठरला तो मंत्री. चारहींत नापास झालेल्यालाही त्याने खाणी आणि हत्तीवनांवर पाठवलं आहे!

हे आजच्या पदांना लावून बघा. ग्रामपंचायतीचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सहीने निघतात, म्हणून सरपंच निवडताना पहिली परीक्षा अर्थाची. त्याच्या एकादशीपेक्षा मागच्या वर्षीचा जमाखर्च आणि कामाचं मोजमाप पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं.

पैलतीर
कौटिल्य माझ्याच बाजूने बोलतो, भोजपत्र. महाराष्ट्रातल्या आमदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, तो कायद्यांवर मत देतो, बदल्यांसाठी चिठ्ठ्या देतो, ठाणेदाराला फोन करतो. त्याच्या हातात पैसा, सत्ता आणि भीती एकत्र येतात. अशा माणसाला चारही परीक्षा हव्यात. खाणीवर पाठवायची सोय आमच्या मतपत्रिकेत नाही.

दस्तऐवज
मग पक्षालाच विचारा. सुप्रीम कोर्टाच्या फेब्रुवारी 2020 च्या निकालानुसार, गुन्हे प्रलंबित असलेला उमेदवार का दिला आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, याची कारणं पक्षाने नमुना सी-7 मध्ये जाहीर करायची असतात. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकटं कारण चालत नाही. उमेदवाराला स्वतःला गुन्ह्यांची जाहिरात वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीनदा द्यावी लागते. सी-7 मध्ये ‘समाजसेवेची आवड’ असं मोघम वाक्य दिसलं की पक्षाकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं, असं मी धरतो.

आणि हे वाचन मंदिरात नको. धार्मिक स्थळाची जागा राजकीय कामाला वापरण्यावर 1988 च्या कायद्याने बंदी आहे. पारावर बसा, दोन्ही शपथपत्रांच्या प्रती काढा आणि गुन्ह्यांच्या तक्त्यापासून सुरुवात करा.

रानजाई
प्रती काढाल तेव्हा बायकांना पारावर बोलवा. नाहीतर त्या तक्त्यातलं 85 कुणी मोठ्याने वाचणार नाही.